शेवटचा सेंटीमीटर : डीबीए शिकताना मूव्ह आणि हातघाईवरून होणारे वाद, आणि ते निस्तरायचे कसे

डीबीए नावाच्या, टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळातली आमची पहिली लढाई तासभर चालली आणि त्यातला अर्धा तास मी आणि दाजी टेबलावर वाकून, एक डोळा मिटून, माझ्या घोडदळाचा कोपरा त्यांच्या भालेकऱ्यांच्या कोपऱ्याला टेकलाय की नाही एवढंच बघत होतो. ताई चहा घेऊन आली, आम्हाला बघून म्हणाली, "काय हरवलंय?" हरवलं काहीच नव्हतं, अर्धा सेंटीमीटर जास्त निघाला होता. दाजी म्हणत होते तू जास्त पुढे आलास, मी म्हणत होतो दाजी तुम्ही मोजताना पट्टी तिरकी धरलीत.

नंतर बऱ्याच लढाया झाल्या, वेगवेगळ्या लोकांशी झाल्या, आणि लक्षात आलं की प्राचीन काळातल्या लढायांचे हे छोट्या सैनिकांचे खेळ शिकताना नव्वद टक्के कटकट एकाच जागी होते. मूव्ह संपून हातघाई सुरू व्हायच्या मधला तो शेवटचा सेंटीमीटर. रूलबुक पाठ करत बसण्यापेक्षा तेवढं आधी समजून घेतलं तर बाकीचं खेळता खेळता येतं. म्हणून हे लिहितोय, अगदी नवीन माणसासाठी, आणि डीबीए धरूनच लिहितोय कारण त्यात एका बाजूला फक्त १२ तुकडे, म्हणजे १२ पलटणी, लागतात, म्हणजे खर्च कमी आणि भांडायला विषय भरपूर.

डीबीए म्हणजे डी बेलिस अँटिक्विटॅटिस. इंग्लंडमधल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९९० मध्ये काढलेले रूल्स, मुख्य माणूस फिल बार्कर. याच ग्रुपचे १९६९ पासूनचे जुने रूल्स होते, त्यात एक सैनिक म्हणजे २० माणसं धरून किती मेले त्याचा हिशेब कागदावर ठेवावा लागायचा. डीबीएने तो हिशेबच उडवून टाकला. तुकडा एक तर टेबलावर आहे नाही तर नाही, मधलं काही नाही. छान आयडिया आहे, पण मग सगळा भार येतो तुकडा नेमका कुठे उभा आहे यावर. आणि बार्कर साहेबांची भाषा अशी की एका वाक्यात चार अटी आणि पाच अपवाद कोंबलेले, इंग्लंडातले लोकसुद्धा त्या भाषेला बार्करीज म्हणून हसतात, त्यामुळे आपल्याला पहिल्या वाचनात कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

पायरी १ : बोर्ड आणि बेस. १५ मिमी सैनिकांना साधारण ६० बाय ६० सेंटीमीटर जागा लागते. आपल्याकडे याचं उत्तर घरातच असतं, कॅरमबोर्ड. आतली खेळायची जागा ७४ सेंटीमीटर, वर हिरवं किंवा मातकट कापड टाकलं की झालं, आणि कडेच्या लाकडामुळे फासे खाली पडत नाहीत. फक्त बोरिक पावडर आधी नीट पुसून घ्या, नाही तर बेस, म्हणजे सैनिकांखालचे पुठ्ठे, घसरतात आणि मग "तू हलवलंस" "मी नाही हलवलं" सुरू.

सैनिक सुरुवातीला विकत घेऊच नका. परदेशातून मागवले की शिपिंग आणि कस्टम धरून पहिल्याच महिन्यात उत्साह मरतो. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा घ्या, ४० मिमी रुंदीचे बेस कापा. सगळ्या तुकड्यांची रुंदी ४० मिमी म्हणजे ४० मिमीच हवी, ४१ चालणार नाही, हे मी स्वतः हात पोळून घेऊन सांगतोय, कारण आठ बेसची रांग लावली की ८ मिमीचा फरक पडतो आणि समोरच्याचे कोपरे तुमच्या कोपऱ्यांशी जुळतच नाहीत. खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, तुकड्यागणिक वेगळी : तलवारवाले, भालेवाले, पाइकवाले (म्हणजे फार लांब भाल्यांचे) १५ मिमी, धनुर्धारी आणि हलके पायदळ २० मिमी, घोडेस्वार ३० मिमी, हत्ती ४० मिमी. ही खोली दिसायला क्षुल्लक वाटते पण पुढे मागे सरकायची वेळ आली की हीच मोजतात.

पायरी २ : आवृत्ती कुठली ते आधी बोला. बाजारात २००४ ची २.२ आणि २०१४ ची ३.० अशा दोन्ही फिरतात. २.२ मध्ये अंतर पावलांत, १०० पावलं म्हणजे १५ मिमीच्या खेळात १ इंच, आणि जड पायदळ मोकळ्या मैदानात २०० पावलं म्हणजे २ इंच, ५० मिमी चालतं. ३.० मध्ये अंतर बेसच्या रुंदीत, तेच पायदळ २ बेस म्हणजे ८० मिमी जातं. पाच आणि आठ सेंटीमीटर, केवढा फरक बघा. एकाने एका आवृत्तीचं वाचलंय आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकमेकांना लबाड समजत असतात. खाली मी आकडे २.२ चे देतोय, कारण आम्ही ते खेळतो.

पायरी ३ : पिप. तुमची पाळी आली की एक फासा टाका, जितका आकडा तितके पिप, आणि एक पिप म्हणजे एक हालचाल. एकटा तुकडा हलवा किंवा एकमेकांना चिकटून एकाच दिशेला तोंड करून उभा असलेला अख्खा गट हलवा, किंमत तीच. हत्ती हलवायचा असेल तर जादा पिप मोजावा लागतो, सेनापती फार लांब असेल तरी जादा.

नवीन माणूस इथे पहिला वाद घालतो, की हे काय, फाशात १ पडला म्हणून माझं सैन्य उभंच राहणार? हो, उभंच राहणार. प्राचीन सेनापतीकडे वॉकीटॉकी नव्हता. घोड्यावर बसून एका टोकाला उभा असलेला माणूस दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते बघूही शकत नव्हता, सांगणं तर लांबच. इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ लिहितो की ढालवाल्यांची रांग चालताना आपोआप उजवीकडे सरकत जाते, कारण प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीमागे लपवायला बघतो. म्हणजे सैन्य साधं सरळसुद्धा चालत नसे, आणि आपल्याला बुद्धिबळासारखं पाहिजे तिथे ठेवायचंय. पिप म्हणजे तो सगळा गोंधळ एका फाशात. पटो न पटो, एकदा मान्य करा आणि पुढे चला.

पायरी ४ : मूव्ह. गट फक्त सरळ पुढे जातो किंवा एका पुढच्या कोपऱ्यावर वळतो, आणि वळताना बाहेरच्या पुढच्या कोपऱ्याने किती अंतर कापलं ते मोजायचं, मधल्या तुकड्याने किती कापलं ते नाही. एकटा तुकडा बऱ्याच मोकळेपणाने कुठेही जातो, पण त्याचंही ज्या पुढच्या कोपऱ्याला सगळ्यात लांब जावं लागलं तेच अंतर. पट्टी मध्यावर धरून मोजणारे लोक असतात, मुद्दाम करत नाहीत बिचारे, पण वळणात दीड सेंटीमीटर फुकट मिळवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे रूलबुकात ठळक लिहिलेलं नसतं. हात लावायच्या आधी तोंडाने सांगा. "दाजी, हा माझा घोडदळाचा तुकडा तुमच्या डाव्या टोकाच्या भालेवाल्याला समोरून भिडवतोय, अंतर पुरतंय असं मला वाटतं, तुम्ही मोजा." समोरच्याने मोजायचं, तुम्ही नाही. त्याला पटलं की मग हलवा. यात दोन गोष्टी होतात, एक म्हणजे वाद तुकडा जागेवर असतानाच होतो, हलवून झाल्यावर "आधी इथे होता" "नाही तिथे होता" होत नाही, आणि दुसरं म्हणजे समोरच्यालाही सांगता येतं की अरे थांब, मध्ये माझा दुसरा तुकडा आहे, त्याच्या समोरच्या पट्ट्यातून (पट्टा म्हणजे काय ते पायरी ५ मध्ये) तुला जाता येणार नाही. तसंच आपल्या पाळीच्या शेवटीही बोला. "मी माझी रांग तुमच्यापासून मुद्दाम ५५ मिमीवर ठेवतोय, म्हणजे तुमचं पायदळ पुढच्या पाळीत पोचणार नाही." समोरचा हो म्हणाला की नंतर पट्टी ४९ दाखवो नाही तर ५१, तो पोचत नाही. दोघांनी मान्य केलेला इरादा मिलिमीटरपेक्षा मोठा. हे धरायला लागल्यापासून आमच्या घरात पट्टी अर्ध्या वेळा डब्यातून बाहेरच येत नाही.

पायरी ५ : समोरचा पट्टा. प्रत्येक तुकड्याच्या तोंडासमोर एका बेसच्या रुंदीइतका रुंद आणि तितकाच खोल, म्हणजे ४० बाय ४० मिमीचा चौकोन असतो, त्यात शिरलात की तुमचं स्वातंत्र्य संपलं. तीनच गोष्टी करता येतात : त्या शत्रूकडे तोंड करून त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याच्यावर जायचं, किंवा सरळ मागे निघून जायचं. त्याच्या नाकासमोरून आडवं चालत जाऊन शेजारच्या कमजोर तुकड्याला भिडायचं, हे नाही चालत. नवीन लोकांना हे अन्यायाचं वाटतं, पण विचार करा, वीस पावलांवर भाले रोखून शत्रू उभा असताना कुठली पलटण त्याच्याकडे कूस करून कवायत करत जाईल? पुठ्ठ्याचा एक ४० मिमीचा चौकोन कापून ठेवा आणि शंका आली की तुकड्यासमोर ठेवून बघा, एक मिनिटात निकाल लागतो.

पायरी ६ : भिडणं. इथे तो शेवटचा सेंटीमीटर. डीबीएत नुसता कोपरा टेकला म्हणजे हातघाई झाली असं होत नाही. तुमची पुढची कड त्याच्या पुढच्या कडेला पूर्ण चिकटली पाहिजे, कोपऱ्याला कोपरा, किंवा बाजूवर जाणार असाल तर तुमची पुढची कड त्याच्या बाजूच्या कडेला आणि पुढचा कोपरा त्याच्या पुढच्या कोपऱ्याला. तिरकं भिडून तिरकंच लढणं नाही. आणि २.२ मध्ये हे सरळ करायला लागणारं अंतरही तुमच्या मूव्हमधूनच जातं, म्हणून पोचलात पण सरळ व्हायला ३ मिमी कमी पडले तर पोचलाच नाहीत. ३.० मध्ये शेवटी सरळ व्हायला सवलत दिलीय, कारण बार्करांनाही लोकांची भांडणं ऐकून कंटाळा आला असावा (हा माझा अंदाज).

यातून एक चलाखी जन्माला येते, आणि ती तुमच्यावर कोणीतरी करणार म्हणून आत्ताच सांगतो. काही खेळाडू आपला तुकडा मुद्दाम किंचित वाकडा ठेवतात, पाच-सात अंशांत, म्हणजे समोरच्या गटाला त्याच्याशी सरळ होऊन भिडताच येऊ नये. रूलप्रमाणे चूक नाही. पण खऱ्या लढाईत हजार माणसं पाच अंश तिरकी उभी राहिली म्हणून समोरचे हजार त्यांच्यावर धावून जाऊ शकले नाहीत, असं कधी झालंय का? माझं मत स्पष्ट आहे, घरच्या खेळात हे चालू देऊ नका. आमचा घरचा नियम असा की नुसत्या वाकडेपणामुळे भिडणं अडत असेल तर दोघांपैकी जो लहान गट तो सरळ होतो आणि लढाई होते. स्पर्धेत मात्र जे छापलंय ते.

पायरी ७ : हातघाई. दोघांनी एकेक फासा टाकायचा, त्यात आपल्या तुकड्याचा आकडा मिळवायचा. तलवारवाले ब्लेड पायदळाविरुद्ध ५, घोडदळाविरुद्ध ३. पाइकवाले पायदळाविरुद्ध ३, पण मागे दुसरा पाइकचा तुकडा असेल तर आणखी ३, म्हणजे ६. बेरीज सारखी आली तर काही नाही, जैसे थे. कमी पण निम्म्यापेक्षा जास्त आली तर मागे हटायचं. निम्मी किंवा त्याहून कमी आली तर तुकडा गेला.

समजा रोमन ब्लेड समोर आणि मॅसेडोनियाचे दुहेरी पाइक. रोमनाला ३ पडले, ५ आणि ३ आठ. पाइकला ५ पडले, ६ आणि ५ अकरा. आठ हे अकरापेक्षा कमी पण साडेपाचपेक्षा जास्त, रोमन एक बेस खोली मागे. आता रोमनाला १ आणि पाइकला ६ पडले असते तर ६ विरुद्ध १२, बरोब्बर निम्मे, रोमन मेला. ३६ मध्ये एकदाच होतं असं. म्हणजे समोरासमोर ढकलाढकलीत सहसा कोणी मरत नाही, नुसती रांग वाकडी होते. मारायचं असेल तर बाजू पकडावी लागते. शेजारी मोकळा शत्रू कोपऱ्याला कोपरा लावून उभा असेल तर उणे १, आणि शत्रू थेट कुशीवर चिकटलेला असताना मागे हटायची वेळ आली तर हटता येत नाही, तुकडा सरळ जातो.

हे कुठून आलं ते बघायचं असेल तर इ.स.पू. १९७, किनोस्केफली. मॅसेडोनियाचा राजा फिलिप पाचवा उजव्या बाजूचे पाइक घेऊन टेकडीवरून उतरला आणि रोमनांना मागे रेटत नेलं, पण त्याची डावी बाजू अजून नीट रांगेत आलीच नव्हती, ती रोमन सेनापती फ्लेमिनायनसने हत्ती घालून उधळली. तिथून एका रोमन ट्रिब्यूनने, म्हणजे अधिकाऱ्याने, इतिहासकार पॉलिबियसने त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही, वीस मॅनिपल, म्हणजे पायदळाच्या तुकड्या, घेतले आणि जिंकत चाललेल्या पाइकवाल्यांच्या पाठीवर जाऊन पडला. समोरून भारी पडणारा तुकडा मागून पार उघडा. तुमच्या कॅरमबोर्डावर हे पहिल्यांदा घडेल तेव्हा रूल आपोआप डोक्यात बसेल.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला कळायला चार लढाया लागल्या. ज्याची पाळी असते तो हातघाईचा क्रम ठरवतो, आणि क्रमावर खूप काही असतं. आधी टोकाचा तुकडा लढवा, तो जिंकून समोरचा उडवला की शेजारच्या शत्रूची बाजू मोकळी पडते आणि पुढच्या लढतीत त्याला उणे १ लागतो. उलट क्रमाने लढवलंत तर तो फायदा गेला. दाजी हे न सांगता वर्षभर करत होते, मी समजायचो त्यांचं नशीब बरं आहे.

काही जोड्यांना वेगळा न्याय आहे, नुसतं हरलं तरी मरण. ब्लेडवाले वॉरबँडकडून, म्हणजे गॉल लोकांसारख्या आरडाओरडा करत धावून येणाऱ्या झुंडीकडून हरले की गेले. हत्ती सायलॉयकडून, म्हणजे भालाफेके आणि गोफणवाल्यांकडून हरला की गेला. यावर दाजींचा कायमचा आक्षेप, चार गोफणवाली पोरं हत्ती कसा मारतील? तर इ.स.पू. ३२६, झेलमचा काठ. इतिहासकार आरियन सांगतो की पोरसाने २०० हत्ती साधारण शंभर शंभर फुटांवर उभे केले होते, आणि सिकंदराच्या पायदळाने भाले फेकून माहूत पाडले. माहूत नसलेला, जखमी, कोंडीत सापडलेला हत्ती मग कोणाचाच नसतो, तो दोन्हीकडची माणसं तुडवतो. शिवाय "गेला" म्हणजे मेलाच असं नाही, लढाईतून बाद झाला एवढंच. पीटर क्रेंट्झ या अभ्यासकाने १९८५ मध्ये ग्रीक ढालवाल्यांच्या लढायांचे आकडे मांडले, त्यात जिंकणाऱ्यांचे सुमारे ५ टक्के आणि हरणाऱ्यांचे सुमारे १४ टक्के मेलेले निघतात. बाकीचे पळाले. म्हणून १२ पैकी ४ तुकडे आधी घालवले, आणि समोरच्यापेक्षा जास्त घालवले, की लढाई संपते, बाकीचे आठ बघतात आणि घरची वाट धरतात.

पायरी ८ : वाद घालायचाच असेल तर. घालाच, मजा त्यातच आहे, पण दोन वाद वेगळे ठेवा. एक, रूल काय म्हणतो. दोन, रूल बरोबर आहे का. पहिला टेबलावर, दुसरा चहाबरोबर. हे दोन्ही एकत्र केले की लढाई त्या रात्री संपत नाही.

पहिल्यासाठी साधी पद्धत : रूलबुक उघडायला पाच मिनिटं. सापडलं तर ठीक, नाही सापडलं तर फासा, १ ते ३ तुझं, ४ ते ६ माझं, आणि वहीत लिहून ठेवा की आज अमुक प्रसंगी असं केलं. पुढच्या वेळेपर्यंत शांतपणे शोधा. आमच्या वहीत सतरा नोंदी आहेत आणि त्यातल्या बारांत मी चूक निघालो, असो. वाकडा पडलेला फासा, टेकडीवर अडकलेला फासा, बोर्डाबाहेर गेलेला फासा, हे सगळे पुन्हा टाकायचे हेही पहिल्याच दिवशी ठरवा, हरताना ठरवू नका.

दुसऱ्या वादाला अंत नाही. पाइकला मागच्या तुकड्याचे ३ का मिळतात घ्या. पॉलिबियस म्हणतो की पहिल्या पाच रांगांच्या सारिसा, म्हणजे ते लांब भाले, पुढच्या माणसाच्याही पुढे येतात, म्हणजे एका रोमनासमोर दहा टोकं, आणि त्यामागच्या रांगा भाले वर तिरके धरून पडणारे बाण अडवतात आणि अंगाच्या भाराने पुढच्यांना रेटतात. मग ते ३ भाल्यांचे का रेटण्याचे? ग्रीक ढालवाल्यांच्या रेटारेटीवरून, ज्याला ओथिस्मॉस म्हणतात, अभ्यासकांतच दोन तट आहेत, एक म्हणतो खरोखर ढालीने ढकलाढकली व्हायची, दुसरा म्हणतो तो नुसता बोलण्याचा प्रकार, आपण "विरोधकांना मागे रेटलं" म्हणतो तसा. माझं झुकतं माप दुसऱ्या बाजूला, कारण आठ रांगांचा खरा भार पाठीवर आला तर पुढच्याला भाला चालवायला हातच हलवता येणार नाही, सकाळी ठाण्याहून फास्ट लोकल पकडणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

आणि ज्यांना मिलिमीटरचा खरंच तिटकारा आहे त्यांनी चौकोनांवर खेळले जाणारे रूल्स बघा, सायमन मिलरचं टू द स्ट्राँगेस्ट त्यातलं एक, त्यात पट्टी लागतच नाही आणि फाशांऐवजी पत्ते असतात. किंवा षटकोनांवरचं कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स, त्यात सैनिकांऐवजी लाकडी ठोकळे. वाद तिथेही होतात, फक्त कोपरा टेकला का यावरून होत नाहीत.

पहिली लढाई कुठली खेळू असं विचाराल तर रोमन विरुद्ध मॅसेडोनियन घ्या, कारण दोन्हींकडे मूव्ह हळू आहे, चुका दिसायला वेळ मिळतो, आणि ब्लेड विरुद्ध पाइक यात वरचं सगळं एका संध्याकाळी अनुभवायला मिळतं. पोरस आणि हत्ती तिसऱ्या-चौथ्या लढाईला काढा. दाजींनी पहिल्याच दिवशी काढले होते, फाशात सलग तीन वेळा १ पडला, हत्ती हलवायला जादा पिप लागतो, ते आणायचे कुठून, त्यामुळे तिन्ही हत्ती शेवटपर्यंत कॅरमच्या कोपऱ्यातल्या भोकाशेजारी उभे होते.